फळ्याच्या कोपऱ्यातला पट

महापालिकेच्या नाहीतर झेडपीच्या कुठल्याही शाळेत जा, वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असतो. वार, दिनांक, इयत्ता, खाली पट आणि हजर, मुलगे किती, मुली किती. रोज पुसायचं, रोज लिहायचं. माझी लेक चौथीत आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत, कात्रजच्या बाजूला, आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मागच्या एका सोमवारी मीटिंगला गेले तेव्हा तिच्या वर्गाच्या फळ्यावर पट ३१, हजर २२ असं होतं. आणि त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन, "वहिनी, तुमच्या शाळेचा निकाल ५५ टक्केच आहे म्हणे, आमच्याकडे तर ९० च्या खाली कुणी नसतं." हिची मुलं बाणेरला इंग्लिश मीडियमला. मी तेव्हा काही बोलले नाही, कढईत फोडणी जळत होती. पण हे ५५ टक्के म्हणजे नक्की कशाचे टक्के, हे मला दोन वर्षं समितीत बसून आत्ता कुठं कळायला लागलंय, म्हणून लिहायला घेतलं. मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही हां, एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर एंट्र्या मारते, त्यामुळे आकडा दिसला की तो कुठल्या खात्यातून आला हे विचारायची खोड लागलीय एवढंच.

तर पहिली गोष्ट. शाळेच्या माहितीचे दोन ढीग असतात. एक ढीग मुलं कोण आहेत याचा, तो यूडायस प्लसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदवहीत भरतात. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो, पुणे जिल्ह्यातल्या शाळांचा २७२५ नं सुरू होतो, त्यातले २७ महाराष्ट्राचे आणि २५ पुण्याचे. मुलगा की मुलगी, जन्मतारीख, जातीचा प्रवर्ग, अल्पसंख्याक आहे का, दिव्यांग आहे का, घर दारिद्र्यरेषेखाली आहे का, माध्यम कुठलं, असं सगळं त्यात जातं. पूर्वी शाळा नुसत्या बेरजा द्यायची, चौथीत इतके मुलगे इतक्या मुली, विषय संपला. २०२२-२३ पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद करावी लागते, त्यामुळे आमच्या बाई जुलैपासून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या दिसतात ते काय रील्स बघत नसतात.

दुसरा ढीग मुलांना काय येतं याचा. हा एक नाही, चार-पाच आहेत आणि लोक ते सगळे कालवून "शाळेचा निकाल" म्हणतात, घोळ इथून सुरू होतो. वर्गात होणारं आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन असतं, प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१ येतं ते. मग राज्याच्या चाचण्या असतात, वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत आणि पुढं संकलित एक आणि संकलित दोन, भाषा, गणित आणि इंग्रजी. शिष्यवृत्तीची परीक्षा वेगळी, तिच्याकडे नंतर येते. आणि पेपरात "तिसरीच्या इतक्या मुलांना भागाकार येत नाही" अशा ज्या बातम्या येतात त्या सर्वेक्षणांच्या असतात. त्यातलं असर हे प्रथम नावाच्या स्वयंसेवी संस्थेचं, २००५ पासूनचं, ते घरोघरी जाऊन करतात आणि फक्त ग्रामीण भागात करतात. म्हणजे असरचा आकडा दाखवून कुणी पुण्यातल्या महापालिका शाळेला नावं ठेवत असेल तर त्याला सांगा की दादा, त्यात आमचा वॉर्डच नाही. सरकारचं सर्वेक्षण म्हणजे आधीचं नॅस (राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण), ते ४ डिसेंबर २०२४ ला परख नावानं झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, देशभरात ७४ हजारांच्या वर शाळा आणि २१ लाखांच्या वर मुलं. आकडा मोठा वाटतो, पण ते नमुना सर्वेक्षण आहे, काही शाळांतली काही मुलं घेऊन जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. भात शिजला का बघायला शितं चेपतो तसं. आता चेपलेल्या शितावरून पातेल्याचं कळतं, पण पातेल्यातल्या अमुक एका शिताचं काय ते कसं सांगणार? एका शाळेचा निकाल त्यातून काढायचाच नसतो.

आमचे ते ५५ टक्के संकलित दोनचे होते, गेल्या वर्षीच्या चौथीचे. वर्गातल्या किती मुलांना ६० टक्क्यांच्या वर मार्क पडले त्याचे टक्के. पेपर राज्याचा, पण तपासणाऱ्या आमच्याच बाई. आणि नणंदेच्या शाळेतले ९० म्हणजे तिथल्या शाळेनंच काढलेला पेपर, त्यांनीच तपासलेला. हे दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे मंडईतल्या वांग्याचा भाव आणि सोन्याचा भाव यांची वजाबाकी करण्यासारखं आहे, करता येते, उत्तरही येतं.

पण समजा पेपर एकच आहे, तपासणारे बाहेरचे आहेत, सगळं स्वच्छ आहे, तरी त्या आकड्यात शाळेनं किती शिकवलं हे थोडंच असतं आणि शाळेत कोण आलं हे बरंच असतं. हे मला सगळ्यात नीट एका पेरूवरून कळलं.

आम्ही समितीतल्या दोघी-तिघी शनिवारी सकाळी वाचन-गणिताला मदत करायला जातो. एक पोरगा, दहा वर्षांचा, जुलैमध्ये बिहारहून आलेला, वडील फरशी बसवायचं काम करतात, राहायला साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत. त्याच्या पुढ्यात गणित होतं, एका टोपलीत ४५ पेरू होते, त्यांपैकी १८ पेरू विकले, तर किती पेरू उरले? तो नुसता बसलेला. बाजूच्यांचं लिहून झालं तरी हा पेन्सिल चावतोय. मी जवळ गेले तर हळूच म्हणतो, "ताई, पेरू क्या होता है?" म्हटलं अमरूद. "और उरले?" म्हटलं बचे. तर त्यानं वहीत काहीही न लिहिता, उसना नाही, हातचा नाही, सरळ "सत्ताईस" म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की यात काय विचारायचं. हा संध्याकाळी आईबरोबर चौकात भाजी विकायला बसतो, सुटे पैसे देणं त्याच्याकडेच असतं. पण पेपरात मी नव्हते. पेपरात तिथं शून्य पडलं आणि तक्त्यात "वजाबाकी येत नाही" अशी नोंद गेली. आता सांगा, त्याला काय आलं नाही, वजाबाकी की मराठी? आणि शाळेनं काय शिकवलं नाही?

यूडायसमध्ये मातृभाषेचा रकाना आहे, पण आमच्याकडे जून महिन्याच्या गर्दीत बऱ्याच पोरांच्या पुढं सरळ मराठी पडतं, विचारायला वेळ कुणाला आहे. प्रत्यक्षात आमच्या त्या एका वर्गात घरी लमाणी बोलणारी आहेत, वडारी बोलणारी आहेत, कन्नड आहे, हिंदी आहे, एक वॉचमनची मुलगी नेपाळी बोलते. पुण्यात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, पण बिल्डिंगचं काम जिथं चालू असेल तिथं जवळची शाळा कुठली तिथं पोर जातं, माध्यम निवडून कोण साइट बदलणार. आणि रकान्यात न मावणाऱ्या गोष्टी तर विचारूच नका. हे कुटुंब पुण्यात येऊन किती महिने झाले, स्लॅबचं काम संपलं की कुठं जाणार, धाकट्याला कोण सांभाळतं, रात्री खोलीत दिवा असतो का.

त्यात कायद्याची एक तरतूद आहे जी फार चांगली आहे आणि टक्केवारीला फार वाईट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात असं आहे की मूल शाळेत कधी गेलंच नसेल तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं. म्हणजे नऊ-दहा वर्षांचं पोर ज्यानं कधी पाटीला हात लावला नाही ते पहिलीत नाही, वयाप्रमाणे चौथीत बसतं. बरोबरच आहे, घोडा झालेल्या पोराला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्याला बरोबरीला आणायला विशेष प्रशिक्षण द्यायचं हेही कायद्यातच आहे. पण चौथीच्या चाचणीत त्याचा पेपर चौथीचाच धरला जातो. जी शाळा अशा पोरांना दार उघडते तिचा आकडा त्याच दिवशी खाली येतो, जी काहीतरी कारण सांगून पुढच्या शाळेत पाठवते तिचा वर राहतो.

आता थोडं गणित करू, घाबरू नका, चौथीचंच आहे. वर्गात २८ मुलं परीक्षेला बसली तर एक मूल म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या वर. तीन मुलं त्या दिवशी तापानं घरी राहिली किंवा तीन हुशार मुली वडिलांची बदली झाली म्हणून चाकणला गेल्या, की निकाल दहा टक्क्यांनी हललाच, बाईंनी काही केलेलं नसताना. हजारभर मुलांच्या शाळेत तीन मुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यामुळे लहान शाळेचा निकाल एक वर्ष ७० आणि पुढच्या वर्षी ५८ झाला म्हणून लगेच मोठ्या बाईंना (मुख्याध्यापिकांना) धारेवर धरायला जाऊ नका. निदान तीन-चार वर्षांचा एकत्र बघा.

याच्यापेक्षा भारी गंमत पुढं आहे. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत, आमच्या शाळेचे नाहीत. समजा गेल्या वर्षी वर्गात ४० मुलं. त्यातली ३० पहिलीपासून इथंच असलेली, १० नवीन आलेली. जुन्या ३० पैकी २१ पास, म्हणजे ७० टक्के. नवीन १० पैकी ३ पास, म्हणजे ३० टक्के. एकूण ४० पैकी २४, निकाल ६० टक्के. आता या वर्षी जवळ तीन टॉवर उठले, वस्तीतली थोडी कुटुंबं दुसरीकडं गेली. वर्गात तेवढीच ४० मुलं, पण जुनी १५ आणि नवीन २५. बाईंनी जीव तोडून शिकवलं. जुन्या १५ पैकी १२ पास, ८० टक्के. नवीन २५ पैकी १० पास, ४० टक्के. म्हणजे दोन्ही गटांत दहा-दहा टक्क्यांनी सुधारणा. आता एकूण करा. ४० पैकी २२. निकाल ५५ टक्के.

परत वाचा हवं तर, मीही पहिल्यांदा एक्सेलमध्ये मांडून बघितलं तेव्हा वाटलं सूत्र चुकलं. जुनी मुलं सुधारली, नवी मुलं सुधारली, आणि शाळा पाच टक्क्यांनी घसरली! याला संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन नावाच्या इंग्रज माणसानं १९५१ मध्ये यावर लेख लिहिला होता त्यावरून. जादू काही नाही, वर्गातली मिसळ बदलली. फरसाण जास्त आणि उसळ कमी झाली तर दोन्ही चांगल्या प्रतीचे असूनही वाटीची चव बदलणारच. पण वरिष्ठांच्या तक्त्यात काय जातं? ६० होते, ५५ झाले, खुलासा करा.

मिसळ बदलते ती फक्त येणाऱ्यांमुळं नाही, जाणाऱ्यांमुळंही. आपल्याकडं शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात, ऑनलाइन अर्ज, मग लॉटरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती, जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. मी स्वतः या २५ टक्क्यांच्या बाजूची आहे, आमच्या कामवाल्या मावशींच्या नातवाचा नंबर लागला तेव्हा पेढे मी वाटले. पण बघा काय होतं, अर्ज कोण भरतं? जिला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा गोळा करायची धडपड जमते, जी सायबर कॅफेत दोन चकरा मारते, ती आई. म्हणजे वस्तीतल्या पोरांमध्ये ज्यांच्या घरात शाळेच्या मागं लागणारं कुणीतरी आहे ती पोरं पहिलीच्या आधीच दुसरीकडं जातात. उरलेल्या वर्गाचा निकाल मग महापालिकेच्या खात्यावर पडतो. खाजगी शाळेला कायद्यानं मुलाखत घेता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायलाच बंदी आहे, पण वर्षाची लाखभर फी भरू शकणारा बाप ही चाळणीच झाली की.

शिष्यवृत्तीचं तर उघडच आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती परीक्षा घेते, परिषद आपल्या पुण्यातच आहे, दोन पेपर, दीडशे-दीडशे मार्कांचे, भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. ही सगळ्यांना सक्तीची नाही. एका शाळेनं सहा हुशार मुलं निवडून बसवली, पाच पास झाली, बॅनरवर ८३ टक्के. दुसऱ्या शाळेनं वर्गातली ३० च्या ३० बसवली, नऊ पास झाली, निकाल ३० टक्के, बॅनर कोण लावणार. पण मुलं मोजा ना, पाच जास्त की नऊ? टक्क्यांची बढाई कुणी मारली की मी आता एकच विचारते, बसली किती आणि पटावर होती किती. समोरचा लगेच विषय बदलतो, हा अनुभव आहे.

मग शाळेचा काही उपयोगच नाही का, सगळं घरावरच? हा प्रश्न अमेरिकेत १९६६ मध्ये मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं सरकारसाठी अभ्यास केला, सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांच्या घरात मुलं. सगळ्यांना वाटत होतं इमारत, पुस्तकं, प्रयोगशाळा यांतल्या फरकानं मुलांच्या गुणांतला फरक कळेल. निघालं असं की मुलाचं घर आणि बरोबरीची मुलं कोण आहेत यांचा संबंध त्याहून कितीतरी जास्त होता. लोकांनी त्याचा अर्थ "शाळेनं काही होत नाही" असा काढला आणि तिथं घसरले. सगळ्या शाळांत थोड्याफार फरकानं तेच मिळत असेल तर शाळांमधला फरक कमीच दिसणार, त्यावरून शाळा नसती तर काय झालं असतं हे कळत नाही. ते आपण करोनात बघितलंच, शाळा बंद होत्या तेव्हा कुणाची मुलं मोबाइलवर शिकली आणि कुणाची अक्षरं विसरली. आणि हे पुण्याला नवीनही नाही, भिडे वाड्यात १८४८ ला मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात हेच मांडलं होतं, सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर, आधी गावोगावच्या प्राथमिक शाळा बघा.

तर शाळेनं काय केलं ते बघायचं असेल तर एकच मार्ग, तेच मूल दोनदा बघायचं. आलं तेव्हा कुठं होतं आणि आता कुठं आहे. डॉक्टरकडं बाळाचं वजन घेतात तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नंतर, आधी मागच्या महिन्याचं कार्ड काढतात ना, तसं. पायाभूत आणि संकलित अशा चाचण्या एकाच वर्षात ठेवण्यामागं हाच विचार आहे. पण तिथंही थोडं जपून, पायाभूतमध्ये मागच्या इयत्तेचं विचारतात आणि संकलितमध्ये त्या सत्रात शिकवलेलं, त्यामुळे पायाभूतला ४५ आणि संकलितला ४५ म्हणजे मूल जिथल्या तिथं राहिलं असं होत नाही, पेपर अवघड झालेला असतो.

आमच्या चौथीच्या बाईंकडं एक दोनशेपानी वही आहे, ती मला त्या तक्त्यांपेक्षा जास्त खरी वाटते. प्रत्येक मुलाच्या नावापुढं वाचन कुठवर आलं त्याची महिन्याला एक खूण, प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. एका मुलीचं बघितलं, जूनमध्ये अक्षर, जोडाक्षर आलं की अडायची. सप्टेंबरमध्ये शब्द. आता वाक्य, तेही "गोष्टीतला ससा" म्हणताना बोट ठेवून, पण न थांबता. पाच महिन्यांत दोन पायऱ्या, मी म्हणेन फार झालं. आणि चाचणीत तिला किती? पायाभूतला नापास, संकलित एकला नापास. कारण टक्केवारी फक्त पास होण्याची रेघ ओलांडलेली मोजते. रेघेच्या खाली कुणी चार पायऱ्या चढलं तरी शून्य, आणि रेघेला टेकलेलं एक पोर अर्धी पायरी चढलं की निकाल लगेच साडेतीन टक्क्यांनी वर. यातून काय होतं ते कळलं का? केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट चांगलं आहे, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता आलं पाहिजे, २०२६-२७ पर्यंत. पण वरून रोज टक्के विचारले की शिक्षक माणूसच आहे, रेघेच्या जवळच्या पाच-सहा पोरांवर जोर लावणार. त्या अक्षरवालीकडं कोण बघणार. आमच्या बाई बघतात, पण ते त्यांच्या स्वभावामुळं, व्यवस्थेमुळं नाही.

आता तो पट. ३१ हा आकडा साधा नाही, त्याच्यावर शिक्षक ठरतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे सगळे वर्ग मिळून ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होतात. म्हणजे ६१ चे ६० झाले की एक शिक्षक जातो, आणि दोघांनी पाच वर्ग ओढायचे. मग पट फुगवायचा मोह होतो, तोही झालेला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला निवडणुकीसारखी शाई लावली होती, आणि कागदावर असलेली पण वर्गात नसलेली २० लाखांच्या आसपास मुलं निघाली. त्यातली काही खरोखर आजारी, गावाला गेलेली असणार, सगळी खोटी नव्हेत. पण तेव्हापासून कमी पटाच्या शाळेत पट हा शब्द निघाला की सगळे थोडे सावध होऊन बसतात.

आणि ३१ पैकी २२ हजर, ७१ टक्के. दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले, काही कुटुंबं गावाकडून अजून परतली नव्हती. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. ७१ टक्के हजर म्हणजे १४२ दिवस, ५८ दिवस गेले, जवळजवळ अडीच महिने. हे सरासरीचं झालं, एखाद्याचे १०० सुद्धा भरत नाहीत. जो विषय शिकवला त्या दिवशी जे पोर नव्हतंच त्याला तो आला नाही, याचा दोष शाळेच्या शिकवण्याला द्यायचा की न येण्याच्या कारणाला? आमच्याकडं नऊ गैरहजरांत दोघी धाकट्याला सांभाळायला घरी होत्या. शेजारची अंगणवाडी लवकर सुटते म्हणून. हे मोठ्या बाईंच्या हातात नाही, पण अंगणवाडीच्या ताईंशी समितीनं बोलणं आमच्या हातात आहे, ते आम्ही करतोय.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण समितीत निम्म्या बायका, कायद्यानंच. पण मीटिंगला आम्ही काय विचारतो, पंखा कधी लागणार, खिचडीत आळ्या का. विचारायलाच पाहिजे. त्याच्या जोडीला मी आता विचारायला लागलेय की निकाल सांगताना पहिलीपासूनच्या मुलांचा वेगळा सांगा आणि या वर्षी आलेल्यांचा वेगळा, किती बसली तेही सांगा, आणि वहीतल्या पायऱ्या मोजून सांगा की किती मुलं निदान एक पायरी चढली. मोठ्या बाई आधी वैतागल्या, आणखी एक तक्ता म्हणून. मी म्हटलं तक्ता मी करते, एक्सेल माझं रोजचं आहे, तुम्ही फक्त वही द्या. मुलांची नावं काढूनच दिली त्यांनी, नुसते हजेरी क्रमांक, ते बरोबरच केलं.

एक गोष्ट मात्र मला त्यात खटकली ती सांगते, म्हणजे मी शाळेची वकिली करतेय असं वाटायला नको. वेगळं काढून बघितल्यावर पहिलीपासून इथंच असलेल्या मुलांतही सहा जण अजून शब्दाच्या पायरीवर होते. यांना कुठलंही स्थलांतर नाही, घरची भाषा मराठी, हजेरी चांगली. इथं "मुलंच तशी येतात" हे कारण चालत नाही. हे शाळेचं. मिसळ वेगळी काढली की शाळेची बाजू जशी दिसते तशी चूकही दिसते, त्या ५५ च्या आड दोन्ही लपलेलं असतं. त्या सहांसाठी आता मधल्या सुट्टीच्या आधीचा तास ठेवलाय.

कालच्या सोमवारी परत गेले तर फळ्यावर पट ३३, हजर २७. दोन चुलत बहिणी आल्यात, नांदेडकडच्या, आईवडील समोरच्या साइटवर. हजेरीपटात त्यांची नावं सगळ्यात खाली. पायाभूत चाचणी होऊन गेलेली, त्यामुळे माझ्या एक्सेलमध्ये दोघींचा पहिला रकाना रिकामा, आलं तेव्हा कुठं होत्या हेच माहिती नसेल तर पुढं कशातून वजा करणार. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, जुना पेपर आहे कपाटात, शनिवारी तुम्हीच घ्या दोघींचा, आणि तोंडी घ्या.